लाल डोळा आणि आखडलेली कंबर: डोळ्याच्या आतील दाह ओळखण्यापासून नियमित उपचारापर्यंत

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली होती, तेव्हा अमळनेरमधील माझ्या औषधांच्या दुकानातून दिवसाकाठी कितीतरी जण प्रतिजैविक थेंबांची बाटली घेऊन जात. त्याच दिवसांत माझा धाकटा भाऊ कपाशीवर फवारणी करून संध्याकाळी घरी आला आणि ओट्यावरचा दिवा मालवायला सांगून म्हणाला, "दादा, मना डोया दुखस, उजेड सहन व्हत नही." डोळा लाल होता, साथ सुरू होती आणि दिवसभर औषधाचा फवारा अंगावर आलेला होता, मी फार विचार न करता त्याला तेच थेंब दिले. चौथ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांनी यंत्रातून पाहिले, तेव्हा त्याची बाहुली गोल राहिलेली नव्हती. तिची कड आतील भिंगाला दोन ठिकाणी चिकटली होती. ते डोळे येणे नव्हते, डोळ्याच्या आतील दाह होता, आणि त्या दाहाचे मूळ डोळ्यात नसून कमरेच्या सांध्यात आहे हे कळायला आणखी आठ महिने गेले. हे तीन दिवस आणि आठ महिने दुसऱ्या कोणाचे वाया जाऊ नयेत, म्हणून हा लेख लिहीत आहे. तो डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही; तपासणीपर्यंत वेळेत कसे पोहोचावे आणि तिथे काय सांगावे, एवढ्यासाठी तो आहे.

आत नेमके काय सुजते

डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांनी भरलेला गडद रंगाचा एक थर असतो. समोर जी रंगीत चकती दिसते आणि जिच्या मधोमध बाहुलीचे छिद्र असते, ती याच थराचा पुढचा भाग. तिच्यामागे भिंगाला आधार देणारे स्नायूंचे कडे असते आणि सर्वांत मागे, दृष्टिपटलाच्या पाठीशी, हाच थर पसरलेला असतो. साल काढलेल्या काळ्या द्राक्षासारखा तो दिसतो, म्हणून लॅटिनमधील द्राक्ष या शब्दावरून त्याला युव्हिया म्हणतात आणि त्याच्या दाहाला युव्हिआयटिस. दाह पुढच्या भागात आहे, मधल्या भागात आहे, मागच्या भागात आहे की सगळीकडे, यावरून त्याचे चार प्रकार केले जातात. हा प्रकार कागदावर लिहून घेणे फार महत्त्वाचे आहे, कारण पुढच्या भागातील दाह बहुधा थेंबांनी आटोक्यात येतो, तर मागच्या भागापर्यंत थेंबांचे औषध पुरेसे पोहोचत नाही.

शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा जंतूंशी लढण्यासाठी असते. काही माणसांत ती आपल्याच पेशींना परके समजू लागते. अशा आजारांना स्वयंप्रतिकार किंवा ऑटोइम्यून आजार म्हणतात. सांधे, त्वचा, आतडी आणि डोळा ही या यंत्रणेची नेहमीची लक्ष्ये आहेत, त्यामुळे एका ठिकाणी पेटलेला दाह दुसऱ्या ठिकाणीही दिसू शकतो. मात्र प्रत्येक युव्हिआयटिस ऑटोइम्यून नसतो. क्षयरोग, नागीण, सिफिलिस, टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी यांच्या संसर्गानेही असाच दाह होतो, आणि बऱ्याच रुग्णांत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही.

पहिली पायरी: डोळे आले आहेत की आत दाह आहे, हे घरी पाहणे

डोळे येतात तेव्हा चिपडे येतात, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, डोळ्यात वाळू गेल्यासारखे टोचते, खाज सुटते आणि एका डोळ्यानंतर दोन-तीन दिवसांत बहुधा दुसराही डोळा लाल होतो. घरातील आणखी कोणाचे तरी डोळे आलेले असतात. चिपड पुसल्यावर दिसते मात्र नेहमीसारखेच. पुढच्या भागातील युव्हिआयटिसमध्ये पाणी येते पण चिपड येत नाही, खाज नसते. दुखणे खोल, ठणकणारे असते, भुवईपर्यंत जाते, आणि उजेडाकडे पाहवत नाही. नजर धुरकट होते. लाली पापणीच्या आतील बाजूपेक्षा बुबुळाच्या कडेभोवती गोल पट्ट्यासारखी अधिक दिसते. बहुतेक वेळा एकच डोळा धरतो.

माझ्या दुकानात आता लाल डोळ्याचा माणूस आला, तर मी तीन गोष्टी करतो. घरीही त्या सहज करता येतील. पहिली, चांगला डोळा तळहाताने झाकून दुखऱ्या डोळ्याने भिंतीवरच्या कालनिर्णयातील लहान अक्षरे वाचायला सांगतो, मग डोळे बदलून पुन्हा. दुसरी, दोन्ही बाहुल्या शेजारी शेजारी पाहतो: दुखऱ्या डोळ्याची बाहुली लहान आहे का, तिचा आकार गोल आहे की पानाच्या कडेसारखा दातेरी. तिसरी गोष्ट नेत्रतज्ज्ञांनी मला शिकवली. दुखरा डोळा हाताने झाकायचा आणि चांगल्या डोळ्यावर मोबाईलचा उजेड क्षणभर टाकायचा. दोन्ही बाहुल्या नेहमी एकाच वेळी आकुंचन पावतात. म्हणून आतला दाह असेल, तर उजेड चांगल्या डोळ्यावर पडूनही झाकलेला डोळा दुखतो. माझ्या भावाने तेव्हा झटकन मान फिरवली होती. ही खूण नसली म्हणून दाह नाही असे मात्र समजू नये.

श्वेतपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाचा दाह, स्क्लेरायटिस, हा वेगळा प्रकारही लक्षात ठेवावा. त्यात डोळा गडद, जांभळट लाल होतो, हात लावला तरी दुखतो, आणि वेदना इतकी असते की माणूस पहाटे झोपेतून उठून बसतो. कपाळ आणि जबडाही दुखतो. हाताची बोटे सुजणाऱ्या जुन्या आमवाताच्या रुग्णाला असे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि एक प्रकार असा, की ज्यात लालीही नाही आणि दुखणेही नाही. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, जाळे तरंगू लागते किंवा नजर धूसर होते. हा दाह मध्यभागात किंवा मागे असू शकतो. दुखत नाही म्हणून पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत थांबणारे रुग्ण मी पाहिले आहेत. तसे करू नये.

दुसरी पायरी: चोवीस तासांत नेत्रतज्ज्ञ, आणि तोवर डोळ्यात काहीही नाही

दुखणे, उजेड न सोसणे आणि नजर कमी होणे यांपैकी एकही गोष्ट लाल डोळ्यासोबत असेल, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. साधा बॅटरीचा उजेड पुरत नाही. स्लिट लॅम्प नावाचे सूक्ष्मदर्शक यंत्र लागते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. तालुक्याच्या गावी नेत्रतज्ज्ञ असतील तर आधी तिथे जावे. फक्त निघण्यापूर्वी फोन करून डॉक्टर आहेत याची खात्री करून घ्यावी.

तोवर डोळ्यात मध, तूप, गुलाबपाणी, तुळशीचा रस, काजळ, आईचे दूध यांपैकी काहीही घालू नये. ज्यांनी हे उपाय सांगितले त्यांचा हेतू वाईट नसतो, परंतु यांपैकी एकही वस्तू डोळ्याच्या आत पोहोचून दाह कमी करत नाही आणि वरच्या पडद्याला जखम असेल तर जंतू मात्र सोबत नेते.

याहून मोठा धोका माझ्या धंद्यातच आहे, म्हणून तो स्पष्ट लिहितो. "लाली लगेच जाते" म्हणून चिठ्ठीशिवाय मागितले जाणारे डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनचे थेंब म्हणजे स्टेरॉईड असते. आपल्या भागात कपाशीची पऱ्हाटी, केळीचे पान, ज्वारीचे धस डोळ्याला लागणे ही रोजची गोष्ट आहे, आणि वनस्पतीच्या अशा ओरखड्यातून पारदर्शक पडद्यात बुरशीचा संसर्ग होतो. त्यावर स्टेरॉईडचे थेंब पडले तर बुरशीला मोकळे रान मिळते आणि डोळ्यात कायमचे फूल पडते. नागिणीच्या विषाणूचेही तसेच. जे औषध युव्हिआयटिसमध्ये डोळा वाचवते, तेच या रुग्णात डोळा घालवते, आणि दोन्ही डोळे दुकानाच्या काउंटरवरून सारखेच लाल दिसतात. त्यामुळे चिठ्ठीशिवाय हे थेंब मागू नयेत, आणि माझ्यासारख्या कोणी दिले तरी घेऊ नयेत.

तपासणीच्या वेळी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. काही तास जवळचे दिसत नाही आणि उजेडाने दिपते. म्हणून सोबत कोणालातरी न्यावे, मोटारसायकल स्वतः चालवत येऊ नये.

तिसरी पायरी: चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते समजून घेणे

दाह झाला की रक्तातील पांढऱ्या पेशी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातील स्वच्छ पाण्यात उतरतात. स्लिट लॅम्पच्या अरुंद प्रकाशात त्या सकाळी दाराच्या फटीतून आलेल्या उन्हात धुळीचे कण तरंगावेत तशा दिसतात. डॉक्टर त्यांची पातळी शून्यापासून चार अधिकपर्यंत (४+) लिहितात. हा आकडा प्रत्येक भेटीत विचारावा, कारण लाली गेली तरी पेशी राहिलेल्या असू शकतात आणि औषध लालीकडे नव्हे, पेशींकडे पाहून कमी करायचे असते. त्याशिवाय डोळ्याचा दाब, बाहुली कुठे चिकटली आहे का, आणि मागचा पडदा पाहिला का, या तीन नोंदी असाव्यात. मागच्या पडद्याच्या मध्यबिंदूला सूज आहे का हे पाहण्यासाठी ओसीटी नावाचा, न दुखणारा, प्रकाशाने काढायचा फोटो सांगितला जाऊ शकतो.

चौथी पायरी: डोळा सोडून उरलेल्या शरीराची हकीकत सांगणे

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून इथे थोडे थांबू. रुग्ण डोळ्याच्या डॉक्टरांना फक्त डोळ्याचे सांगतो आणि हाडांच्या डॉक्टरांना फक्त कमरेचे. माझ्या भावाची कंबर चार वर्षांपासून धरत होती. पाठीवर वीस लिटरचा पंप घेऊन फवारणी करणाऱ्या माणसाची कंबर दुखणार नाही तर काय, असे आम्ही सगळेच म्हणत होतो, आणि आई रात्री तेल चोळून देत होती. पुढच्या वर्षी चैत्रात दुसरा डोळा लाल झाला, तेव्हा नव्या नेत्रतज्ज्ञांनी यंत्रातून नजर काढून विचारले, "सकाळी उठल्यावर कंबर किती वेळ आखडलेली असते?" तो म्हणाला, "तास-दीड तास. शेतात गेलो की मोकळी होते."

या उत्तरात सगळे आले. श्रमाने दुखणारी कंबर कामाने वाढते आणि विश्रांतीने बरी होते. दाहामुळे दुखणारी कंबर उलट वागते: ती हळूहळू, बहुधा चाळिशीच्या आत सुरू होते, तीन महिन्यांहून अधिक टिकते, उत्तररात्री झोपमोड करते, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडते, आणि हालचाल केल्यावर सैल होते. दुखणे कधी या पुठ्ठ्यात (कुल्ल्यात) तर कधी त्या पुठ्ठ्यात असते. मणक्याच्या या संधिवाताला अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात. त्याचा आणि एचएलए-बी२७ या जनुकीय खुणेचा संबंध १९७३ मध्ये लक्षात आला. या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना आयुष्यात कधीतरी पुढच्या भागातील युव्हिआयटिस होतो, आणि त्याची ठेवण ठरलेली असते: अचानक सुरुवात, एका वेळी एकच डोळा, पुन्हा झाला तर कधी हा तर कधी तो. पुष्कळदा डोळ्याचा दाह आधी लक्षात येतो आणि त्यावरून कमरेचा आजार सापडतो.

डॉक्टरांनी विचारले नाही तरी पुढील गोष्टी आपण होऊन सांगाव्यात. अंगावर किंवा डोक्यात खवले पडणारे सोरायसिसचे चट्टे आहेत का. वरचेवर जुलाब, शौचात रक्त किंवा आव पडते का, कारण आतड्यांच्या दाहाशीही डोळ्याचा संबंध आहे. तोंडात पुन्हा पुन्हा दुखरे फोड येतात का आणि तसेच फोड गुप्तांगावर येतात का. संकोचामुळे ही दुसरी गोष्ट लपवली जाते, पण बेशेट नावाचा दृष्टी घेणारा आजार ओळखण्यासाठी नेमकी तीच लागते. दोन्ही डोळ्यांची नजर एकदम उतरली असेल आणि त्याआधी डोकेदुखी, कानात आवाज, मान धरणे असे काही झाले असेल तर तेही सांगावे. पुढे अंगावर कोडासारखे डाग किंवा पापण्यांचे पांढरे केस दिसणाऱ्या व्होग्ट-कोयानागी-हाराडा आजाराची ती सुरुवात असू शकते, आणि त्यात स्टेरॉईड लवकर आणि पुरेशा मात्रेत मिळणे दृष्टीसाठी निर्णायक ठरते. हातापायांचे लहान सांधे सुजणाऱ्या आमवातात युव्हिआयटिसपेक्षा डोळे कोरडे पडणे आणि वर सांगितलेला स्क्लेरायटिस अधिक दिसतो. ल्युपस या अनेक अवयवांना धरणाऱ्या ऑटोइम्यून आजारात दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांवर परिणाम होऊ शकतो. या दोन्ही आजारांत हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनच्या गोळ्या वर्षानुवर्षे दिल्या जातात. त्यांची रोजची मात्रा सहसा किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, पहिल्या वर्षात एकदा डोळ्याचा मागचा पडदा तपासावा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासावा.

घरात कोणाला क्षयरोग झाला होता का, स्वतःला जुना खोकला, ताप, वजन घटणे आहे का, हे तर अगदी पहिल्यांदा सांगावे. आपल्या देशात डोळ्याच्या दाहाचे कारण शोधताना क्षयरोग वगळल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दडलेल्या क्षयरोगाला डोके वर काढू देतात.

पाचवी पायरी: तपासण्या, पण विचाराने

पहिलाच, एका डोळ्याचा, पुढच्या भागातील सौम्य दाह असेल आणि शरीरात दुसरी कोणतीही तक्रार नसेल, तर पुष्कळ नेत्रतज्ज्ञ मोठ्या तपासण्या न करता उपचार करतात, आणि ते योग्य आहे. दाह पुन्हा झाला, दोन्ही डोळ्यांत झाला, मागच्या भागात गेला किंवा शरीरातील लक्षणे जुळली, तर तपासण्या लागतात. रक्ताची सर्वसाधारण तपासणी, ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातील दाह दाखवणाऱ्या चाचण्या), छातीचा एक्स-रे, क्षयरोगासाठी मांटू किंवा रक्तातील इग्रा चाचणी, सिफिलिसची चाचणी, आणि लक्षणांनुसार एचएलए-बी२७ किंवा एएनए (ऑटोइम्यून आजारांत आढळणाऱ्या प्रतिपिंडांची चाचणी), अशी ती साधारण यादी असते. "सगळ्या वाताच्या टेस्ट" अशा नावाचे पॅकेज घेण्यात पैसा जातो आणि भलताच आकडा वाढलेला पाहून भीती तेवढी वाढते. सांधे ठणठणीत असताना आमवाताची आरए फॅक्टर चाचणी युव्हिआयटिसबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आले म्हणजे आजार झाला असे नाही. ही खूण असलेल्या बहुतेक लोकांना आयुष्यभर काही होत नाही. ती जन्मजात असल्यामुळे चाचणी एकदाच पुरते, कागद जपून ठेवावा. कमरेचा एक्स-रे सुरुवातीची काही वर्षे निर्दोष दिसू शकतो, त्यामुळे लक्षणे पटत असतील तर माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंना असलेल्या सांध्यांचा एमआरआय करावा लागतो. भावाचा आजार एमआरआयमध्येच दिसला.

सहावी पायरी: औषध नेमके कसे घ्यावे

पुढच्या भागातील दाहात बहुधा प्रेडनिसोलोन ॲसिटेट एक टक्का हे स्टेरॉईडचे थेंब देतात. सुरुवातीला जागेपणी दर तासाला, मग पेशी कमी होतील तसे हळूहळू उतरवत, एकूण सहा-आठ आठवडे. हे औषध पाण्यात विरघळलेले नसते, त्याची पांढरी भुकटी बाटलीच्या तळाशी बसते. बाटली उजेडात धरून पाहा, तळाशी दुधाळ थर दिसेल. नीट न हलवता थेंब टाकला तर डोळ्यात जवळजवळ नुसते पाणीच जाते आणि शेवटी तळाचे औषध तसेच उरते. म्हणून प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवावी, खालची पापणी ओढून एकच थेंब टाकावा, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा, आणि दुसऱ्या औषधापूर्वी पाच मिनिटे थांबावे. उघडलेली बाटली महिन्यानंतर वापरू नये. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. बाटली मोटारसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीतल्या खिडकीत ठेवू नये.

सोबत होमॅट्रोपीन किंवा ॲट्रोपीनचे थेंब असतात. त्यांनी बाहुली मोठी राहते, स्नायूचा ताण जाऊन ठणका कमी होतो आणि बाहुलीची कड भिंगाला चिकटत नाही. त्यांनी जवळचे वाचता येत नाही म्हणून रुग्ण ते आपल्या मनाने बंद करतात. माझ्या भावाच्या डोळ्यातील दोन चिकटलेल्या जागांपैकी एक या थेंबांनी सुटली, दुसरी आजही तशीच आहे.

बरे वाटले म्हणून स्टेरॉईडचे थेंब एकदम थांबवले तर दाह उसळून येतो. डॉक्टरांनी लिहून दिलेले उतरवण्याचे वेळापत्रक भिंतीवर लावून त्यावर खुणा कराव्यात. उलट, त्याच चिठ्ठीवर महिनोन्‌महिने थेंब घेत राहिल्यास काही जणांत डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो आणि मोतीबिंदूही लवकर येतो. म्हणून दाब मोजण्याची भेट चुकवू नये.

दाह मागे असेल किंवा वारंवार येत असेल तर पोटात घेण्याचे स्टेरॉईड, डोळ्याभोवती किंवा डोळ्यात इंजेक्शन, आणि पुढे दीर्घकाळासाठी मेथोट्रेक्सेट, ॲझाथायोप्रीन किंवा मायकोफेनोलेट यांसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले जाते. मेथोट्रेक्सेटबाबत एक गोष्ट मी प्रत्येक रुग्णाच्या पाकिटावर लाल शाईने लिहितो: आठवड्यातून एकदाच. ठरलेला वार लिहितो, "गुरुवार". हे औषध चुकून रोज घेतल्याने अस्थिमज्जा दबून माणसे दगावली आहेत. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या वारी घ्यावी, रक्त आणि यकृताची तपासणी नियमित करावी, दारू घेऊ नये, आणि मूल हवे असेल तर काही महिने आधीच डॉक्टरांशी बोलावे. तोंड आले, ताप आला किंवा धाप लागली तर पुढची मात्रा न घेता डॉक्टरांना विचारावे. याचा गुण यायला दीड-दोन महिने लागतात.

याने भागले नाही तर दाह वाढवणारा ठरावीक घटक अडवणारी, ॲडालिमुमॅबसारखी जैविक (बायोलॉजिक) इंजेक्शने आहेत. संसर्गाशिवायच्या युव्हिआयटिससाठी २०१६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि भारतीय कंपन्यांचे पर्यायी औषध आपल्याकडे मिळते. सुरुवातीच्या मात्रेनंतर ते सहसा दोन आठवड्यांतून एकदा त्वचेखाली घेतात. त्याआधी क्षयरोगाची तपासणी अटळ आहे. सांध्यांच्या आजारासाठी वापरले जाणारे एटानरसेप्ट हे त्याच गटातील औषध मात्र डोळ्याचा दाह रोखण्यात कमी पडते. सांध्यांच्या डॉक्टरांना डोळ्याची हकीकत माहीत नसेल तर ते लिहून दिले जाऊ शकते. हे इंजेक्शन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. जळगावहून गावी नेताना थर्मासमध्ये बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून तिच्यावर ठेवावे. बर्फाला थेट चिकटून गोठले तर फेकूनच द्यावे लागते. अशी औषधे सुरू असताना जिवंत विषाणूंच्या लसी घेऊ नयेत.

खर्चाचा विचार आधीच करावा. कोणता उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून विचारावे, आणि उत्तर मिळाल्यावरच पुढची तारीख घ्यावी.

सातवी पायरी: दोन डॉक्टर, एक फाइल

संधिवाततज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात नसतात. चाळीसगाव-पाचोऱ्याकडील लोक नाशिक किंवा मुंबईची गाडी धरतात, नंदुरबार-दोंडाईचा-अमळनेरच्या लोकांना ताप्ती मार्गाने सुरत जवळ पडते, कोणी छत्रपती संभाजीनगरला जातात. शहर कोणतेही असो, फाइल एकच असावी. पहिल्या पानावर आपण स्वतः तारखांचा तक्ता करावा: कोणता डोळा, कधी धरला, किती आठवड्यांत बरा झाला, डोळ्याचा दाब किती होता, कोणते औषध किती दिवस घेतले. मागे रक्ताचे कागद, एमआरआयचा अहवाल, आणि एचएलए-बी२७ चा कागद. जुन्या चिठ्ठ्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत, कारण पावसाळ्यात पिशवीतले कागद भिजतात. नेत्रतज्ज्ञांनी संधिवाततज्ज्ञांच्या नावे चार ओळी लिहून द्याव्यात अशी विनंती करावी. ते आनंदाने देतात, फक्त मागावे लागते.

मोतीबिंदूच्या शिबिरात नाव नोंदवताना पूर्वी युव्हिआयटिस झाला होता हे लपवू नये. डोळा किमान तीन महिने शांत राहिल्यावर आणि औषधाची आधी तयारी करूनच अशी शस्त्रक्रिया करायची असते.

लहान मुलांबाबत

मुलांचे मी वेगळे लिहितो, कारण इथे वर सांगितलेल्या घरगुती खुणा कामाच्या नाहीत. सोळा वर्षांच्या आत सांधे सुजण्याचा जो आजार होतो, त्यात डोळ्याला दाह झाला तरी बहुधा डोळा पांढराशुभ्र असतो, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही, आणि आत दाह चालूच राहतो. बुबुळावर पांढरा पट्टा दिसू लागतो किंवा शाळेत फळा दिसत नाही म्हणून आणले जाते, तोवर मोतीबिंदू किंवा काचबिंदू झालेला असतो. सात वर्षांच्या आत आजार सुरू झालेल्या, मोजकेच सांधे सुजलेल्या आणि एएनए पॉझिटिव्ह असलेल्या मुलांना, विशेषतः मुलींना, धोका सर्वांत जास्त असतो. त्यांचा डोळा दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर पाहावा लागतो, अगदी गुडघा पूर्ण बरा झाला तरीही. लंगडत चालणाऱ्या मुलीचा गुडघा "पडली असेल" म्हणून सोडून देणाऱ्या आईबापांना मी हात जोडून सांगतो, की सूज सहा आठवडे राहिली तर बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ दोघांनाही दाखवा.

पुन्हा धरला तर

आंबट, वातुळ, वांगे बंद केल्याने युव्हिआयटिस थांबत नाही. भरीत-भाकरी खुशाल खावी. विडी-सिगारेट मात्र खरोखर सोडावी, कारण धूम्रपानाने डोळ्याचा आणि मणक्याचाही दाह वाढतो. मणक्याचा आजार असेल तर पाठ आणि मान ताणण्याचे व्यायाम रोज करावेत. ते त्या आजाराच्या उपचाराचाच भाग आहेत.

पुढचा झटका ओळखायला रुग्ण स्वतः लवकर शिकतो. लाली दिसण्याच्या आदल्या दिवशी भावाला भुवईखाली ओढल्यासारखे वाटते आणि सकाळी दार उघडताना डोळा मिटून घ्यावासा वाटतो. जुनी बाटली उघडून थेंब सुरू करायचे नाहीत, आधी तपासणी, असा आमचा करार आहे. तिसऱ्या वेळी डोळा धरला तेव्हा तो कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत दुपारी शेतातून थेट दुकानावर आला, फाइल घेऊन आम्ही संध्याकाळी नेत्रतज्ज्ञांकडे पोहोचलो. पेशी एक अधिक होत्या, दाब चौदा, बाहुली कुठेही नव्याने चिकटलेली नव्हती. तक्त्यात तारीख लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संधिवाततज्ज्ञांना फोन करून तेही कळवले.